कडेचा तुकडा

ओस्टरवीर, एडमजवळ
२० सप्टेंबर १६६३

ती. नेलताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, माफ कर. लायडन सोडलं तसं बहिणीलाही सोडलं, असं तू याकबभावोजींना एव्हाना चारदा सांगितलं असशील. तसं नाही गं. सामान लावण्यात आठ दिवस गेले. सामान म्हणजे पुस्तकांच्या दोन पेट्या, जमीन मोजायची साखळी आणि तू विणलेले मोजे. त्यातला डावा नावेत हरवला.

गाव मस्त आहे. गवत आहे, पाणी आहे, गाई आहेत आणि एकही प्राध्यापक नाही. रेनियरकाका म्हणून पवनचक्कीवाले आहेत, शेतातलं पाणी उपसून कालव्यात टाकतात, त्यांच्या गोठ्यावरची खोली मला मिळालीय. सकाळी मी लोकांची शेतं मोजून देतो आणि दुपारी पुस्तक लिहितो. तेच पुस्तक, ज्याचं पहिलं पान वाचून लायडनच्या सरांनी मला दार दाखवलं होतं.

पहिलं प्रकरण झालं, ताई! त्यात मी म्हटलंय की लहानपणापासून कुणीतरी सांगितलं म्हणून आपण जे जे मानलं, ते सगळं एकदा घराबाहेर काढायचं. आजी म्हणायची म्हणून, पाद्री म्हणतात म्हणून, सर म्हणतात म्हणून, सगळं बाहेर. मग जे स्वतःच्या पायावर उभं राहील तेवढंच परत आत घ्यायचं. आतापर्यंत आत आलंय ते इतकंच की विचार करणारा मी आहे, आणि त्रिकोणाचे तीन कोन मिळून दोन काटकोन होतात. घर अजून रिकामं आहे, पण काय स्वच्छ आहे म्हणून सांगू!

काकांची मुलगी आहे, फेमके. चक्कीची शिडं तीच चढवते, तीच उतरवते. तिने प्रकरण वाचायला मागितलं, मी दिलं. परत देताना तिने विचारलं की सगळंच टाकलंत ना, मग हे पुस्तक लिहिलंत कुठल्या शब्दांत? शब्द तर आईने नाहीतर ताईनेच शिकवले असतील, त्यांची सिद्धता कुठल्या पानावर आहे? मी म्हटलं, उद्या सांगतो. त्याला चार दिवस झाले. रोज ती कुंपणावरून विचारते की आमच्याकडे उद्या येऊन गेला, तुमच्याकडे अजून आला नाही का.

तिच्या नाकावर अकरा ठिपके आहेत. मोजणीची सवय म्हणून दिसले, बाकी काही नाही.

भावोजींना नमस्कार, पोरींना पाप्या. तुझा लोभ असू दे, त्याची सिद्धता मी मागणार नाही.

तुझा,
एव्हर्ट


होर्न
२ ऑक्टोबर १६६३

चि. एव्हर्ट यास,
अ. उ. आ.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि याकबने दोनदा ऐकलं. तुझं पुस्तक काय म्हणतंय ते आम्हा दोघांना कळलं नाही, पण तुझं काय चाललंय ते पहिल्याच वाचनात कळलं. गेल्या वर्षी शेजारची ब्रेख्त तुला दाखवली होती, आठवतंय? तिला दोन डोळे होते की एक, हेसुद्धा तुला नंतर सांगता आलं नव्हतं. आणि इथे अकरा ठिपके!

हसतेय मी, पण मनापासून बरं वाटलं. आई गेली तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. पेटी बांधून तुला लायडनच्या लॅटिन शाळेत पाठवलं ते मीच. नावेत बसल्यावरसुद्धा तू रडला नाहीस, मला विचारलंस की नाव पुढे जाते की काठ मागे जातो. तेव्हापासून काळजी आहे की हा पोरगा विचार करत करत एकटाच म्हातारा होणार.

तर आता ताईचं ऐक. सोबत सोयरिकीचा केक पाठवतेय. मी स्वतः भाजलाय, राय धान्याचं पीठ, मध, लवंग, दालचिनी सगळं भरपूर घातलंय, वर बदाम लावलेत. नाववाल्याला दोनदा बजावलंय की आडवा ठेवू नको. रविवारी चर्चनंतर त्यांच्याकडे जा, केक टेबलावर ठेव आणि गप्प बस. बोललास की तू लांबवतोस. पुढचं पोरगी आणि केक मिळून बघून घेतील. आपल्याकडचीच माणसं आहेत, तुला वेगळं सांगायला नको.

आणि दुसरा मोजा विणतेय. उजव्याला जोडी म्हणून डावाच पाठवेन, उगाच त्यावर प्रकरण लिहू नकोस.

काय झालं ते लगेच कळव. इकडे माझा जीव टांगणीला आहे. आशीर्वाद आहेतच, तू फक्त ते घ्यायला घरातून बाहेर पड.

तुझी,
नेलताई


ओस्टरवीर
१९ ऑक्टोबर १६६३

ती. नेलताईस,
शि. सा. न. वि. वि.

केक पोचला, उभाच. रविवारी नेला. त्यानंतर जे झालं ते मला नीटसं कळलेलं नाही, म्हणून क्रमाने लिहितो. तू बघ तुला काही लागतंय का.

मी केक टेबलावर ठेवला आणि तू सांगितल्याप्रमाणे गप्प बसलो. ग्रीतकाकू, म्हणजे फेमकेची आई, केक बघून एकदम एप्रन सारखा करायला लागल्या. रेनियरकाकांनी पाइप विझवला. सगळे इतके आनंदात होते की मला वाटलं यांना केक फारच आवडतो. मग फेमकेने सुरी घेतली. तिने केक कापला आणि बरोबर मधला, जाड, तीन बदामांचा तुकडा उचलून माझ्या प्लेटमध्ये ठेवला. तिचे कान लाल झाले होते. चुलीजवळ बसली होती म्हणून असेल.

आता ताई, तू मला ओळखतेस. कुणी काही दिलं की ते का दिलं हा विचार मी आधी करतो. मी मनात म्हटलं, पाहुणा आहे म्हणून मोठा तुकडा मला, हे नुसतं चालत आलेलं आहे, त्याला कारण नाही. काका पहाटेपासून राबतात, मोठा तुकडा त्यांना हवा. शिवाय मला कडेचा कुरकुरीत भागच आवडतो. म्हणून मी मधला तुकडा अलगद उचलून परत ठेवला आणि कडेचा घेतला. का घेतला हेही तीन पायऱ्यांत समजावून सांगितलं. मला वाटतं मी चांगलं बोललो.

काका खिडकीतून आभाळ बघायला लागले आणि म्हणाले की वारा पडलाय. वारा चांगला वाहत होता. फेमके भांडी ठेवायला आत गेली ती आलीच नाही. मी तुकडा संपवून, छान होता असं सांगून निघालो. दाराशी काकू म्हणाल्या की पुर्मरेंडचे चीजवाले हार्मेन सेंट मार्टिनच्या सणाला येणार आहेत, लग्नाचं उत्तर घ्यायला. इतके दिवस फेमके त्यांना थांबवत होती, आता थांबवायचं काही कारण उरलं नाही, असंही म्हणाल्या.

पाच दिवस झाले. ती कुंपणाशी येत नाही. शिडं चढवताना दिसते, पण पाठमोरी. आणि ताई, माझ्या छातीत इथे डाव्या बाजूला दुखतंय. हे अगदी चुकीचं आहे. दुसऱ्या प्रकरणात मी चौदा पानं लिहून दाखवलंय की विचार ही एक गोष्ट आणि शरीर ही दुसरी, दोघांचा काही संबंध नाही. मग दुःख विचारात असताना दुखतंय छातीत का?

तुला काही कळलं तर लिही. लोभ असावा असं नेहमीसारखं लिहीत नाही, आज खरोखर हवा आहे.

तुझा,
एव्हर्ट


होर्न
२३ ऑक्टोबर १६६३

चि. एव्हर्ट यास,
अ. उ. आ. (द्यायचे की नाही याचा मी खूप विचार केला.)

अरे गाढवा! अरे महागाढवा! पत्र वाचताना मी मधेच किंचाळले तर याकबला वाटलं कुणी वारलं. त्याला वाचून दाखवलं तर तो इतका हसला की खुर्चीवरून घसरला. मी हसले नाही. म्हणजे आधी हसले, मग रडले.

सोयरिकीचा केक आहे तो! पोरगा केक घेऊन आला की त्याने मागणी घातली. पोरगी कापते. तिने मधला तुकडा दिला तर हो, कडेचा दिला तर नाही. बस्स. म्हणूनच तोंडाने कुणाला काही बोलावं लागत नाही, कुणाचा अपमान होत नाही. एवढं इथल्या कोंबड्यांनाही माहीत आहे. त्या पोरीने आईबापांसमोर तुला हो म्हटलं, बदामांसकट. आणि तू ते ‘हो’ उचलून परत ठेवलंस, ‘नाही’ स्वतःच्या हाताने घेतलंस, चावून चावून खाल्लंस आणि वर छान होता म्हणालास! तीन पायऱ्यांत!

चूक माझीही आहे. नऊ वर्षांच्या पोराला शाळेत पाठवलं मी. लॅटिन आलं तुला, पण घरात माणसं लग्नं कशी जुळवतात ते बघायला तू घरात होतास कुठे? तुला माहीतच असेल असं मी धरून चालले. धरून चालायचं नाही, असं तुझ्याच पुस्तकात आहे ना?

आता तू विचारशील की मधला म्हणजे हो, असं का. कडेचा म्हणजे हो का नाही. मला माहीत नाही. माझ्या आजीलाही माहीत नव्हतं. त्याला ‘का’ नाहीये, एव्हर्ट.

एका घरी केक दोनदा नेत नाहीत, त्यामुळे तो रस्ता संपला. सेंट मार्टिनला अठरा-एकोणीस दिवस आहेत. तोंड आहे ना? ते वापर. जा आणि सांग. फक्त हात जोडून सांगते, सिद्ध करू नकोस.

छातीत दुखतंय ते औषधाने जाणार नाही. लोकरीचं काहीतरी घाल आणि तिच्या घरी जा.

आशीर्वाद आहेत, राग आहे, दोन्ही घे.

नेलताई

ता. क. मी याकब. मला नेलने मधला तुकडा दिला तेव्हा मी इतका घाबरलो होतो की तो हातातून पडला आणि कुत्र्याने खाल्ला. बारा वर्षं झाली, संसार चाललाय. धीर सोडू नकोस.


ओस्टरवीर
१० नोव्हेंबर १६६३

ती. नेलताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी आधी चिडलो. खोटं कशाला सांगू. केकचा तुकडा म्हणजे शब्द कसा होईल, असं म्हणत दोन दिवस कालव्याच्या काठाने तावातावाने फिरलो.

मग बुधवारी एक गोष्ट झाली. मी शेत मोजायला चाललो होतो. काकांच्या चक्कीची पाती थांबलेली होती, वरचं पातं सरळ उभं न राहता जरासं पुढे कललेलं. ते बघून मी टोपी काढली. पाती तशी थांबवली की गावात कुणी गेलंय असा अर्थ असतो. पलीकडच्या बांधावरचे म्हातारे कोर्नेलिस गेले होते. टोपी हातात धरून मी तसाच उभा राहिलो, ताई. हे मला कुणी सिद्ध करून दिलं? पातं जरा पुढे म्हणजे दुःख आणि जरा मागे म्हणजे आनंद, याला कुठल्या त्रिकोणाचा आधार? कुणाचाच नाही. तरी मला कळलं, आणि दोन कालव्यांपलीकडे गाय दोहणाऱ्या बाईलाही कळलं.

तिथे मला फेमकेचा प्रश्न समजला. ‘हो’ या शब्दालाही कारण नाही. मी तो रोज वापरतो. चालीरीती खऱ्या की खोट्या हेच मी तपासत बसलो आणि खोट्या ठरवून घराबाहेर टाकल्या. त्या तर एक बोली आहेत. आणि त्या बोलीत मी माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं खोटं बोलून आलोय, तोंडात केक घेऊन.

पहिलं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय. पण ते नंतर. मी त्यांच्याकडे तीनदा गेलो. तिन्ही वेळा काका म्हणाले की ती घरात नाही, आणि तिन्ही वेळा आतून भांडं आपटल्याचा आवाज आला. शेवटी पत्र लिहिलं. तू सिद्ध करू नकोस म्हणाली होतीस, पण मला दुसरं काही येत नाही गं. नक्कल पाठवतो:

व्याख्या. गाढव म्हणजे असा प्राणी, जो दाखवलेली वाट सोडून आपल्या मनाने खड्ड्यात जातो.

गृहीत. फेमके उगाच काही करत नाही.

सिद्धांत पहिला. एव्हर्ट गाढव आहे. सिद्धता: वाट दाखवली होती, बदाम लावून. तो खड्ड्यात गेला. म्हणून गाढव.

सिद्धांत दुसरा. एव्हर्टला फेमके हवी आहे. सिद्धता: त्या रविवारपासून त्याने बांधाजवळचं एकच शेत तीनदा मोजलं आणि तीन वेगळी क्षेत्रफळं काढली. असं त्याच्या हातून कधीच झालेलं नाही.

सिद्धांत तिसरा. फेमकेने आता काय म्हणावं. सिद्धता: माझ्याकडे नाही. हे वरच्या कशातूनही निघत नाही. जगात सगळं कशातून तरी निघतंच, असं मी पुस्तकात लिहिलंय. हे मात्र मला काढता आलं नाही. ते तिचं आहे.

पत्र गुरुवारी दाराखालून सरकवलं. उत्तर नाही. उद्या सेंट मार्टिन. हार्मेन आजच येऊन खानावळीत उतरलाय, माणूस चांगला वाटतो, हेच वाईट आहे. उद्या काय होईल ते होईल, पण मी जाणार आहे आणि तोंड वापरणार आहे.

तुझा मोजा पोचला. लोभ त्याच्यातून कळला.

एव्हर्ट


ओस्टरवीर
१९ नोव्हेंबर १६६३

ती. नेलताईंस,
फेमकेचा शि. सा. न. वि. वि.

आपली ओळख नाही, पण तुमचा केक मी कापलाय. त्यामुळे एकदम ताई म्हणतेय, चालेल ना? पत्र एव्हर्टच लिहिणार होते. काल रात्रीपासून त्यांनी चार कागद खराब केले आणि प्रत्येकाची सुरुवात व्याख्येने झाली. म्हणून मीच बसले.

तुमच्या भावाने कडेचा तुकडा घेतला तेव्हा मला मरणाची लाज वाटली. आई म्हणाली की शिकलेली माणसं अशीच, तोंडाने गोड आणि हाताने ‘नाही’. मी हार्मेनला हो म्हणायचं जवळजवळ ठरवलं होतं. मग दाराखालून ते पत्र आलं. पहिला सिद्धांत वाचून मी इतकी हसले की आई पिठाचे हात घेऊन बाहेर आली. तिलाही वाचून दाखवलं. तिला तो एकदम पटला.

मलाही पटला होता. पण रात्री अंथरुणात पडल्यावर लक्षात आलं की सिद्धतेत चूक आहे. वाट दाखवली होती असं ते म्हणतात. पण ज्या बोलीत दाखवली ती त्यांना येतच नव्हती! लॅटिनमध्ये मला कुणी वाट सांगितली तर मीही खड्ड्यातच जाईन. मग वाट दाखवली असं कसं म्हणायचं? आणि वाट दाखवलीच नाही तर ते गाढव ठरत नाहीत. मला जरा वाईटच वाटलं, इतका छान सिद्धांत होता. तीनदा दारात आले तेव्हा आत भांडी आपटत बसले ती मी, मग गाढव कोण, हाही प्रश्न पडला. तो मी पुढे नेला नाही.

सेंट मार्टिनला संध्याकाळी हार्मेन आले, बाबांशेजारी बसले. गावातली पोरं कंदील घेऊन गाणी म्हणत दारात आली आणि त्यांच्या मागोमाग एव्हर्ट. पोरांना वाटलं हेही गाणार आहेत, म्हणून त्यांनी जागा करून दिली. ताई, या माणसाने तीनशे पानं लिहिलीत. दारात उभं राहून त्यांना एक वाक्य पुरं करता येईना. फेमके, मला, असं म्हणून थांबले. परत फेमके, मला, आणि परत थांबले. पोरं मोजायला लागली. शेवटी उरलेलं वाक्य मीच म्हटलं आणि त्याचं उत्तरही मीच दिलं, मोठ्याने, साध्या शब्दात, म्हणजे कुणाला काही खायला लागू नये.

हार्मेन खरंच भला माणूस आहे. तो म्हणाला की एवढी वाट बघून निदान तमाशा तरी चांगला झाला, आणि आणलेलं चीज आमच्याकडेच ठेवून गेला. बाबांनी मात्र एव्हर्टना उभं करून विचारलं की माझ्या मुलीला काय व्याख्या खायला घालणार का. तर हे म्हणाले की मोजणीची कामं भरपूर आहेत, आणि आता शेतांची क्षेत्रफळंही एकेकच येतील. बाबा एकदाचे हसले.

आता कालची गोष्ट, त्यासाठीच हे पत्र. काल चर्चमध्ये आमच्या लग्नाची पहिली घोषणा झाली. पाद्रींनी दोघांची नावं वाचली आणि रीतीप्रमाणे विचारलं की या लग्नाबद्दल कुणाला काही शंका किंवा हरकत असेल तर आत्ता सांगावी. नेलताई, अख्ख्या गावाने मान वळवून नवऱ्या मुलाकडे बघितलं! गावात शंका म्हणजे एव्हर्ट, दुसरं कोण? सूर्य उगवतो यावर शंका घेणारा माणूस. बाबांनी टोपी घट्ट धरली. आई पुटपुटली की बस खाली, बस खाली, अजून ते उठलेही नव्हते.

आणि ते उठले. ते अगदी शांतपणे म्हणाले की शंका घेणं हे माझं कामच आहे, म्हणून दोन महिने या गोष्टीवर मी सगळ्या बाजूंनी शंका घेऊन पाहिली, एकही टिकली नाही. एवढं बोलून बसले. पाद्रींनी वहीत बघितलं, पण याला काय म्हणायचं ते वहीत नव्हतं. पहिल्यांदा त्यांची बायको हसली, मग बाबा, मग सगळं चर्च.

अजून दोन रविवारच्या घोषणा बाकी आहेत, आणि ते दोन्ही वेळा उठणार म्हणतायत. पहिल्या रविवारी खरं होतं ते दुसऱ्या रविवारी खरं असेलच असं कशावरून, तपासायला नको का, असं त्यांचं म्हणणं. कालवे गोठायच्या आत तुम्ही आणि याकबभावोजी पहिल्या नावेने या आणि एकेका बाजूने त्यांचा कोट धरून बसा.

तुमचा सगळा लोभ इतकी वर्षं त्यांच्याकडे होता. आता थोडा इकडे सरकवा.

तुमची,
फेमके